उघड्या दारापासून एक हात

प्रिय खारूताई,

तुझा निरोप मंगळवारी सकाळी आला. फोनवर आलेल्या निरोपाला कागदावर उत्तर देणारा माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरला नसेल, पण त्याला कारण आहे. फोनवर मी विनोद करतो, तू हसतेस आणि विषय संपतो. आपल्या घरात कितीतरी विषय असेच संपलेत. तू लिहिलंस, ‘बाबा, सायकल घेतली. ऑफिस वीस मिनिटांवर आहे. तू काळजी करू नकोस, मी कडेनेच जाते, उभ्या गाड्यांना अगदी लागून. आईसारखं रेघेबाहेर राहिलं की मागून कुणीतरी हॉर्न वाजवून आत ढकलतंच. त्यापेक्षा आधीपासून आत राहिलेलं बरं.’ हे मी अकरा वेळा वाचलं. मग एका आजोबांचे डोळे तपासले आणि त्यांच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या रकान्यात लिहिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आजोबांनीच दाखवून दिलं, तेही चष्मा न लावता. तेव्हा पुढचं वाचशील किंवा वाचणार नाहीस, आधी एवढं ऐक: उद्यापासून कडेने जाऊ नकोस. का, ते सांगायला मला काही पानं लागतील. तुझी आई म्हणायचीच, यांना पत्ता विचारला तर आधी रस्त्याचा इतिहास सांगतात.

घरी सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काही मोडलेलं नाही. स्वयंपाकघरातला नळ गळायचा, तो आपणहून थांबला. मी एक ताट, एक वाटी, एक पेला वापरतो आणि तीच धुऊन पुन्हा वापरतो, त्यामुळे बाकीची भांडी कपाटात पाहुण्यांसारखी बसून असतात. शेजारचे डॉक्टर भेटले की खांद्यावर हात ठेवून विचारतात, ‘झोप लागते ना?’ लागते. भूक लागते. पेपर वाचतो. दात काढण्याआधी गालाला भूल देतात ना, मग तो गाल आपलाच असतो पण कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा वाटतो, तसं आहे. आठ महिने झाले, भूल उतरत नाही. दुकानात दिवसभर मी तोच प्रश्न विचारतो: आधीचं बरं दिसतं की आताचं? भिंग बदलतो, पुन्हा विचारतो. लोक फार विचार करून सांगतात, ‘दोन्ही सारखंच वाटतंय.’ मी म्हणतो, बरोबर आहे.

दुकानासमोर गाड्यांची रांग तशीच असते. काचेपलीकडे पहिली गाडी, तिच्या मागे दुसरी, औषधांच्या दुकानापर्यंत. पूर्वी मी या रांगेकडे लक्ष देत नसे. आता एक गाडी येऊन थांबली की हातातलं काम थांबतं. इंजिन बंद होतं. आतलं डोकं हलतं. मग मी दार उघडायची वाट बघतो. काही लोक गाडीत बसून फोनवर बोलत राहतात, दहा-दहा मिनिटं. समोर गिऱ्हाईक त्या जड लोखंडी फ्रेममध्ये मान ताठ करून बसलेलं असतं आणि विचारतं, ‘झालं का हो?’ परवा एक बाई म्हणाल्या, ‘तुम्ही माझे डोळे तपासताय की रस्त्याचे?’ बाई हजरजबाबी होत्या. तुझ्या आईला आवडल्या असत्या.

तुला तिचा रविवारचा वर्ग आठवतो का? तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस आणि आईचा वर्ग हा तुझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. आठवडाभर शाळेत मुलांना कवायत शिकवायची आणि रविवारी त्याच मैदानावर चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना सायकल. बँकेतली कॅशियर, दोन परिचारिका, ती शिवणकाम करणारी मावशी, जिने साठाव्या वर्षी पहिल्यांदा पॅडलवर पाय ठेवला आणि सरळ जाऊन गोलपोस्टला मिठी मारली. तोल सांभाळता आला की आई त्यांना खरा धडा द्यायची. आपली जुनी राखाडी गाडी मैदानाच्या मधोमध उभी करायची. दार सताड उघडायचं. दाराच्या कडेपासून आपल्या हाताने एक हात मोजायचा, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, आणि तिथून गाडीला समांतर खडूची लांब रेघ ओढायची. मग दार बंद. आता एकेकीने गाडीशेजारून जायचं, पण रेघेच्या बाहेरून. आणि गाडीत बसलेला माणूस कधीही, काहीही न सांगता दार उघडणार. तो माणूस मी. नऊ वर्षं दर रविवारी मी त्या गाडीत बसलो. त्या बायका मला ‘दारवाले’ म्हणायच्या. आठवडाभर लोकांना नीट दिसावं म्हणून काम करायचं आणि रविवारी त्यांच्यावर दार उघडायचं, अशी माझी एकूण कारकीर्द.

आई मैदानभर ओरडत फिरायची. ‘दाराकडे नाही, काचेकडे बघा. आत डोकं दिसतंय का? डोकं असेल तर दार उघडणार असं धरूनच चला. मागचे लाल दिवे आत्ता विझले? म्हणजे गाडी आत्ता थांबली, माणूस उतरायचाय. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका, पुन्हा बाहेर येताना कुणाला दिसणार नाही. एकाच सरळ रेषेत चला. घंटी वाजवून काही होत नाही, गाडीच्या आत ऐकू येत नाही.’ मलाही धडा असायचा. दाराकडचा हात मांडीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दार उघडायचं, म्हणजे अंग वळतं, मान वळते आणि मागचा रस्ता दिसतो. मी मुद्दाम जवळच्या हाताने उघडायचो, म्हणजे ती खिडकीशी येऊन म्हणायची, ‘दारवाले, तुम्ही नापास.’ बायका खो-खो हसायच्या. मी नापास होण्यात पटाईत होतो. हे तुला एवढ्यासाठी सांगतोय की ती रेघ कुठे असते हे मला नक्की माहीत आहे. या गावात माझ्याइतकं नक्की कुणालाच माहीत नाही.

ती स्वतः रेघ पाळायचीच. रस्त्यावर खडू नसला तरी तिला ती दिसायची. त्यामुळे ती चालवायची जवळजवळ रस्त्याच्या मधून, ताठ पाठीने, शाळेची शिट्टी गळ्यात, आणि मागे गाड्या तुंबायच्या. मला त्याची नक्कल फार छान जमायची. तू पाहिली आहेस. जेवणाच्या खुर्चीवर आई बनून बसायचं, हनुवटी वर, पाय हवेत संथ फिरवायचे, आणि तोंडाने मागच्या गाड्यांचे हॉर्न काढायचे. टॅक्सीवाल्याचा तुटक, चिडका. ट्रकचा म्हशीसारखा. आणि शेवटी शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीचा, अगदी विनम्र, खोकल्यासारखा एकच. पाहुणे पोट धरून हसायचे. डॉक्टर स्वतः म्हणायचे, ‘माझा परत काढा.’ सगळ्यांत जास्त आई हसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. निदान मी तसं धरून चाललो होतो.

वर्गाला मी सात महिने गेलो नाही. शिवणवाल्या मावशी आता तो चालवतात. मागच्या महिन्यात त्या दुकानात आल्या, सुईत दोरा जात नाही म्हणून. नंबर बदलून दिला, तरी उठेनात. म्हणाल्या, ‘दारवाले, रविवारी येताय ना? आम्ही एका खुर्चीला गाडी समजतोय. खुर्चीला कोण घाबरतंय?’ म्हणून गेलो. गाडी मैदानाच्या मधोमध उभी केली. दार उघडलं, कुणीतरी वाकून रेघ ओढली. मी आत बसलो, दार लावून घेतलं, आणि मला ते उघडता येईना. भीती वगैरे काही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हात कडीवर होता आणि तो हात माझं ऐकत नव्हता. एकेक बाई शेजारून गेली, वळली, पुन्हा गेली. शेवटी मी दुसऱ्या हाताने, अंग वळवून, मागे बघून उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा पास झालो आणि सांगायला कुणी नव्हतं.

उतरलो तेव्हा रेघ दिसली. ती जवळ होती. दाराच्या कडेपासून जेमतेम चार बोटं. मी म्हटलं, मावशी, ही रेघ चुकली. त्या म्हणाल्या, ‘चुकली नाही, आम्हीच आत घेतली. तुम्हीच नाही का सांगितलंत, बाई रेघेबाहेरच होत्या, मागून ती गाडी हॉर्न वाजवत आली म्हणून दचकून आत गेल्या, आणि त्याच वेळी दार उघडलं. बाहेर राहून बाईंचंसुद्धा असं होत असेल तर आमचं काय? आम्ही आता कडेनेच शिकवतो. आणि हॉर्न आला की अजून आत.’ कॅशियरबाई म्हणाल्या, ‘हॉर्नवाल्याशी भांडायला आपण काय बाईंसारख्या आहोत?’ सगळ्या मान हलवत होत्या. मीही हलवली. मग गाडी घेऊन घरी आलो आणि वाटी, पेला धुतला.

त्या हॉर्नवाल्या गाडीचं म्हणशील तर पोलीस अजून शोधतायत. मी त्यांना पांढरी म्हणून सांगितलं होतं. शहरात किती पांढऱ्या गाड्या आहेत याची मला तेव्हा कल्पना नव्हती. तपास करणाऱ्या साहेबांना आता आहे. माणूस सज्जन, कामाला चिकट. महिन्यातून एकदा स्वतः दुकानात येतो, चष्मा पुसून घेतो आणि फोटो समोर ठेवतो. ‘नीट बघा. ही असू शकेल?’ मी फोटो लांब धरतो, जवळ धरतो, म्हणतो नक्की सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘घाई नाही, साहेब. तुमच्यासारखा डोळ्यांचा माणूस साक्षीदार आहे म्हणून तर आशा आहे.’ दार ज्यांनी उघडलं ते निवृत्त ग्रंथपाल, तुला माहीत आहेच. त्यांचा वाचायचा चष्मा त्या दिवशी तयार होता आणि तो न्यायला या म्हणून मीच सकाळी फोन केला होता. तो चष्मा अजून माझ्या खणात आहे. ते न्यायला येत नाहीत, मी पाठवत नाही.

मग मंगळवारी तुझा निरोप आला. तू कडेने जातेस. लागून. वीस मिनिटं सकाळी, वीस मिनिटं संध्याकाळी, उभ्या गाड्यांच्या दारांना हँडल घासत, आणि तुला वाटतंय की तू आईपेक्षा शहाणपणाने वागतेस. तू नकाशे काढतेस, तुझं डोकं मोजमापाचं आहे, माझ्या माहितीवरून निघणारा निष्कर्ष तू अगदी बरोबर काढलास. मावशींनीही बरोबर काढला. चूक फक्त माहितीत आहे.

आदल्या दिवशीची गोष्ट सांगतो. तू इथे नव्हतीस. रविवारी दुपारी जेवायला तिच्या मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान होते, डॉक्टर होते. मुख्याध्यापिकांनी नक्कल पाहिलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, होऊन जाऊ दे. मी खुर्चीवर बसलो, हनुवटी वर केली आणि केली नक्कल. त्या दिवशी जरा जास्तच रंगली. नवा माल घातला होता: मागे तुंबलेल्या गाड्यांत एक शववाहिनी, आणि तिचाही हॉर्न, की बाई, आम्हालासुद्धा पोचायचंय. मुख्याध्यापिका इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आई पाणी आणायला उठली. ती परत आली तेव्हा हसत होती, पण पाणी आणायला जरा वेळ लागला होता. पाहुणे गेल्यावर ती भांडी विसळत होती, मी पुसत होतो. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘मी खरंच इतकी हास्यास्पद दिसते का हो?’ यावर काय उत्तर द्यायचं हे कुठल्याही नवऱ्याला कळतं. मी म्हटलं, ‘थोडी.’ एकच शब्द. मला वाटलं, मी विनोद करतोय.

सोमवारी साडेनऊला मी दुकानाची काच पुसत होतो. ग्रंथपालांची गाडी आली, दारासमोर थांबली, मागचे दिवे विझले. ते आत बसून खिशात पावती शोधत होते. मला त्यांचं डोकं खाली-वर होताना दिसत होतं. आणि रस्त्याने आई आली. कडेने. गाड्यांना अगदी लागून, हँडल आरशांना लागेल इतकी जवळ. मागे कुणी नव्हतं, खारू. पांढरी गाडी नव्हती, कुठलीच नव्हती. रस्ता औषधांच्या दुकानापर्यंत रिकामा होता. हॉर्न वाजलाच नाही. हॉर्न मी वाजवला होता, आदल्या दिवशी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, तोंडाने. तिने मला काचेमागे पाहिलं आणि हँडलवरचा एक हात सोडून त्या गाड्यांकडे दाखवला, बघा, आले की नाही कडेला, अशा थाटात. ती हसत होती. गाडीच्या काचेत डोकं आहे का ते बघायच्या ऐवजी ती माझ्याकडे बघत होती. आणि मी, ज्याला ती दिसत होती, गाडी दिसत होती, आतलं डोकं दिसत होतं, मी पुसायचं फडकं काखेत धरलं आणि टाळ्या वाजवल्या. पुढचं तुला माहीत आहे. पोलिसांनी विचारलं, त्या इतक्या आत कशा आल्या, तेव्हा माझ्या तोंडून ती पांढरी गाडी निघाली. मी ती ठरवून बनवली नाही. मला अशा गाड्या बनवायची सवयच होती.

म्हणून हे पत्र. तुझ्या आईने रेघ पाळली म्हणून ती गेली नाही. त्या एका सकाळी तिने ती सोडली, मी सोडायला लावली. रेघ बरोबर आहे, नऊ वर्षं बरोबर होती, तुझ्या रस्त्यावरही बरोबर आहे. मागून कुणी वाजवलं तर वाजवू दे. त्याला थांबायला लागेल, एवढंच होईल. कुणी हसलं तर हसू दे. मी आधी तुला सांगतोय. रविवारी मैदानावर जाऊन मावशींसमोर ती रेघ पुसणार आहे आणि कारण सांगून पुन्हा ओढणार आहे. सोमवारी साहेबांना पांढरी गाडी नव्हतीच हे सांगून त्यांचे फोटो परत देईन. मग ग्रंथपालांचा चष्मा घेऊन त्यांच्या घरी जाईन; त्यांनी मागे बघितलं नाही हे खरंच आहे, पण त्यांनी एकट्यानेच बघितलं नाही असं नाही. त्यानंतर तू माझ्याशी बोलशील की नाही हे मला माहीत नाही. पाकिटात आईच्या डब्यातला खडूचा एक तुकडा ठेवतोय. टपालात मोडेल बहुतेक. मोडलेल्या खडूनेही रेघ येते. ऑफिसखाली कुणा ओळखीच्याची गाडी असेल तर त्याला दार सताड उघडायला सांग, कडेपासून तुझा एक हात मोज, आणि गाडीच्या चाकापासून रेघेपर्यंत किती भरलं तो आकडा मला कळव. नुसता आकडा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझाच,
बाबा